बागेत ‘हमिंगबर्ड’ दिसला? हॉकमॉथ ओळखण्यापासून वाढवण्यापर्यंत

पावसाळा ओसरायला लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कुणाच्या तरी बाल्कनीतल्या सदाफुलीसमोर अंगठ्याएवढा जीव हवेत थांबलेला असतो. पंख दिसतच नाहीत, नुसता धूसर पट्टा दिसतो. लांबलचक ‘चोच’ फुलात खुपसलेली. खाली ओळ: ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला!’

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत त्याच्या जाती आहेत, पण भारतात रानटी अवस्थेत एकही नाही. तुमच्या सदाफुलीवर आला तो हॉकमॉथ, म्हणजे पतंगांच्या एका मोठ्या कुळातला कीटक. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. माझ्या मते हिरमोड होण्याचं काहीच कारण नाही. पक्षी येऊन उडून जातो. हा पतंग मात्र तुमच्याच कुंडीतल्या रोपावर अंडी घालून त्याच्या सगळ्या अवस्था तुमच्या डोळ्यांदेखत पार पाडू शकतो. अट एवढीच, की फुलांइतकीच पानांचीही काळजी घ्यायची. या लेखात मी सर्वांत जास्त जागा पानांनाच देणार आहे, कारण नेमकं तिथेच बहुतेकांच्या हातून हे पतंग मारले जातात.

पहिलं काम: हा पक्षी नाही, याची खात्री

नजर चोचीवर जाते, पण ती आधी डोक्यावर न्या. हॉकमॉथच्या डोक्यावर दोन जाड मिशा पुढे रोखलेल्या दिसतात. मिशा दिसल्या की प्रश्न मिटला, कारण पक्ष्याला मिशा नसतात. मग चोच बघा. ती चोच नसून सोंड आहे. फुलातून बाहेर काढल्यावर ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून डोक्याखाली जाते. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर हे गुंडाळणं दिसतं, आणि व्हिडिओ सावकाश चालवला तर स्पष्टच दिसतं.

आकारही मदत करतो. जगातला सर्वांत लहान पक्षी म्हणजे क्यूबातला बी हमिंगबर्ड, तो ५ ते ६ सेंटीमीटरचा असतो. दिवसा उडणाऱ्या आपल्या हॉकमॉथचं शरीर सहसा त्याहूनही लहान भरतं.

आपल्याकडे खरा गोंधळ होतो तो शिंजीर पक्ष्याशी. शिंजीरही फुलातला मध पितो आणि अधूनमधून हवेत फडफडतो. पण त्याला जमेल तिथे तो फांदी पकडून बसतो, त्याची चोच खाली वळलेली असते आणि तो सतत चिवचिवतो. दुसरा गोंधळ काळ्या भुंग्याशी होतो. भुंगा फुलावर चक्क बसतो, त्याचा घुं-घुं आवाज लांबून येतो आणि अंगावर चकाकी असते. हॉकमॉथ फुलावर बसत नाही. फार तर पुढचे पाय पाकळीला टेकवतो, आणि तेवढ्यात पुढच्या फुलाकडे गेलेला असतो.

आपली फसगत झाली म्हणून ओशाळू नका. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहिला. हमिंगबर्ड समजून आपण अनेकदा हॉकमॉथवरच बंदूक चालवली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती. जिथे दोघंही शेजारी शेजारी उडतात तिथे ही गत, तर आपलं काय!

आपल्या बागेत येणारे कोण कोण

जगात हॉकमॉथच्या दीड हजारांच्या आसपास जाती आहेत. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे लागू नका. दिवसा येणारे दोन गट आणि संध्याकाळचे दोन पाहुणे ओळखता आले की पुरे.

पहिला सेफोनोडीस हायलस. याचे पंख पारदर्शक असतात. काचेसारखे आरपार, कडेला गडद रेघ. अंग शेवाळी-पिवळसर हिरवं, पोटाभोवती तांबूस-लाल पट्टा आणि मागच्या टोकाला काळा झुपका. भर उन्हातही हा येतो. महाराष्ट्रात, गावात काय आणि शहरात काय, ‘हमिंगबर्ड’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा बऱ्याचदा असतो.

दुसरा गट मॅक्रोग्लॉसमचा. यात आपल्याकडे अनेक जाती आहेत. पुढचे पंख तपकिरी, मागच्या पंखांवर पिवळा किंवा नारिंगी पट्टा, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिवळे ठिपके. शेपटाशी खवल्यांचा पंखा असतो आणि वळण घेताना तो पसरतो. पक्ष्याच्या शेपटीचा भास होतो तो यामुळेच. सकाळी लवकर, दिवस मावळताना आणि ढगाळ दुपारी हे जास्त दिसतात. फोटोवरून यांची नेमकी जात ठरवणं जाणकारांनाही कठीण जातं, म्हणून ‘मॅक्रोग्लॉसम’ एवढंच लिहून थांबण्यात काही कमीपणा नाही.

संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर येणारे आकाराने मोठे असतात. डॅफ्निस नेरी म्हणजे कण्हेरीचा हॉकमॉथ, हिरव्या-गुलाबी-पांढऱ्या नक्षीचा. भिंतीवर बसलेला हा पतंग एकदा पाहिला की विसरणं अशक्य. दुसरा अ‍ॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली. राखाडी अंग, पोटावर गुलाबी पट्टे आणि सोंड १० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे शरीरापेक्षाही लांब. गुलबक्षीच्या ताटव्यावर याची वाट पाहावी.

अंधारात यांना फुलं दिसतात तरी कशी, असा प्रश्न पडतो. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी युरोपातल्या एका निशाचर हॉकमॉथवर प्रयोग केले. नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही तो रंगांतला फरक ओळखतो, असं त्यांत सिद्ध झालं. त्याच उजेडात माणसाला सगळं करड्या छटांमध्येच दिसतं.

कुठे आणि कधी थांबायचं

जून ते नोव्हेंबर हा उत्तम काळ, त्यातही पावसाने उघडीप दिलेले दिवस. कोकणात आणि घाटमाथ्यावर इतर महिन्यांतही दिसतात. मराठवाडा-विदर्भात कडक उन्हाळ्यात फारशी आशा धरू नका.

शोधत हिंडण्यापेक्षा एक ताटवा निवडा आणि तिथे थांबा. हे पतंग फुलांची जागा लक्षात ठेवतात आणि त्याच फेरीवर पुन्हा येतात, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते अंधार पडेपर्यंत, या दोन वेळा आधी पकडा. घरची बाग नसेल तर सार्वजनिक बागेतलं ड्युरांटाचं कुंपण, सोसायटीच्या फाटकाजवळचा एक्झोरा, पडीक जागेतली घाणेरी, यातलं काहीही चालतं. फुलांपासून दीड-दोन हातांवर, सावली फुलांवर पडणार नाही अशा बेताने उभे राहा. हात हलवू नका. पतंगाला तुमच्याशी देणंघेणं नसतं, पण अचानक हाललेल्या गोष्टीने तो बिचकतो.

पतंग आला की पहिल्यांदा फोन खिशातच ठेवा आणि नुसतं बघा. एका फुलावर तो सेकंद-दोन सेकंदच थांबतो. त्या वेळात तो पूर्ण स्थिर नसतो, डावी-उजवीकडे हलकेच झुलत असतो. त्या झुलण्यातही सोंडेचं टोक मात्र फुलाच्या नळीतून सुटत नाही. पुढचे पंख पुढे-मागे फिरतात, पोट किंचित खाली झुकतं. वारा आला आणि फूल हललं तर पतंगही फुलाबरोबर हलतो. हे एकदा नीट पाहिलं की पुढच्या वेळी लांबूनही ‘हा तोच’ हे डोळ्यांना कळतं.

सकाळी गारठ्यात एखादा पतंग पानावर बसून पंख थरथरवत असेल तर त्याला आजारी समजून उचलू नका. उडण्याचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्याला हवेत थांबता येत नाही. तो ती तयारी करत असतो. एका जागी तरंगत राहायला प्रचंड ताकद लागते, आणि म्हणूनच त्याला दिवसभर मधाच्या मागे धावावं लागतं.

फोटो

मोबाईल असेल तर फोटोच्या नादी न लागता स्लो मोशन व्हिडिओ घ्या. पतंगाचा पाठलाग करायचा नाही. अजून त्याने भेट न दिलेलं फूल निवडा, त्यावर आधीच फोकस धरून ठेवा आणि त्याची वाट बघा. नंतर व्हिडिओतून हवी ती चौकट काढून घेता येते.

कॅमेरा असेल तर पंख थिजवायला शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान लागतो. मला मात्र १/२५०च्या आसपासचे फोटो जास्त आवडतात. अंग स्पष्ट, पंख धूसर, म्हणजे प्रत्यक्षात डोळ्यांना दिसतो तसाच. फ्लॅशचा मारा टाळा, विशेषतः संध्याकाळच्या पतंगांवर. ओळख पटवायची असेल तर एक फोटो वरून आणि एक बाजूने हवा, आणि मागच्या पंखांचा रंग दिसला तर सोन्याहून पिवळं.

फुलं कोणती लावायची

अरुंद, लांब नळीची आणि गुच्छात येणारी फुलं यांना हवी असतात. पसरट फुलांचा मध मधमाश्या आणि माश्या आधीच संपवतात. लांब नळीच्या तळाचा मध लांब सोंडेसाठी शिल्लक राहतो.

नवख्यांनी पेंटासपासून सुरुवात करावी. कुठल्याही नर्सरीत मिळतो, कुंडीत येतो, जवळजवळ वर्षभर फुलतो आणि जरा निगा राखली तर पहिल्याच हंगामात पतंग येतात. सुकलेले गुच्छ कापत राहा, नवे फुटवे येतात. एकच रोप कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा पाच-सहा रोपं एकत्र ठेवा. उडत्या पतंगाला रंगाचा मोठा ठिपका लांबून दिसतो, आणि एका फेरीत भरपूर फुलं मिळाली तरच ती फेरी त्याला परवडते. पाच-सहा तास ऊन हवं. माती कोरडी ठणठणीत पडली की फुलांत मध कमी येतो, म्हणून पाण्यात खंड नको.

पेंटासच्या जोडीला एक्झोरा आणि साधी गुलाबी-पांढरी सदाफुली. निळ्या फुलांसाठी ड्युरांटा किंवा स्टॅकीटार्फेटा. युरोपातल्या हॉकमॉथवरच्या प्रयोगांत निळ्या रंगाकडे उपजत ओढ दिसली आहे, आणि दुसऱ्या रंगाच्या फुलात गोड मिळालं की तो रंगही ते चटकन शिकतात. म्हणजे रंगांची सरमिसळ असलेली बरी. स्टॅकीटार्फेटाबाबत एक सावधगिरी: हे बाहेरचं झाड आहे आणि आपल्या पावसात तणासारखं पसरतं. शहरात कुंडीत लावा, तुरे सुकण्याआधी कापा. गाव जंगलाला लागून असेल तर लावूच नका. घाणेरी तर अजिबात आणू नका. तिने आपली जंगलं आधीच पुरेशी व्यापली आहेत. बाहेर आहे तिथे जाऊन तिच्यावरचे पतंग खुशाल पाहावेत.

जागा असेल त्यांनी पापट जरूर लावावा. हे आपल्याच रानातलं झुडूप आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या, बारीक नळ्यांच्या फुलांनी भरून जातं, आणि पानंही अळ्यांच्या कामाची.

संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी गुलबक्षी. दुपारी चारनंतर फुलते आणि मातीत एकदा रुजली की दरवर्षी आपोआप उगवते. रातराणी, पारिजातक, बुचाचं झाड यांची पांढरी, सुवासिक फुलंही याच पतंगांच्या वेळेला उमलतात. परसात पपई असेल तर तिन्हीसांजेला तिच्या फुलांकडे लक्ष ठेवा. पपईच्या परागीभवनात हॉकमॉथचा मोठा वाटा असतो, हे परसात पपई असणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

नर्सरीत दुहेरी पाकळ्यांची, भरगच्च फुलं आकर्षक दिसतात. पतंगांसाठी ती बहुतेक वेळा बिनकामाची, कारण पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत वाटच उरत नाही. निवड करायची वेळ आली तर साधं, एकेरी फूल घ्या.

आता पानं, म्हणजे खरी गोष्ट

अनंत बहुतेक घरांत असतो. पावसाळ्यात एका सकाळी दिसतं की शेंड्याची पानं गायब आहेत, नुसते देठ उरलेत. खाली जमिनीवर काळपट, पिंपाच्या आकाराच्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या. लेंड्या जिथे पडल्या आहेत त्याच्या बरोबर वर बघत जा. पानाखालच्या शिरेला किंवा देठाला उलटी चिकटलेली हिरवी अळी असते. पाठीच्या दोन्ही कडांनी पांढरट रेघ, कुशीवर ओळीने तांबूस ठिपके, आणि मागच्या टोकाला एक शिंग. पूर्ण वाढ झाली की सहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. कधीकधी हीच अळी गडद, काळपट रंगाचीही असते.

ही सेफोनोडीसची अळी. पारदर्शक पंखांचा जो ‘हमिंगबर्ड’ बघून आपण आनंदाने व्हिडिओ काढतो, तो हिच्यातूनच येतो. एकीकडे पेंटासचे ताटवे लावायचे आणि दुसरीकडे अनंतावरच्या अळ्या चपलेखाली चिरडायच्या, असं घरोघरी चालतं, आणि ते थांबावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शिंगाची भीती सगळ्यांनाच वाटते. ते मऊ असतं. त्याने ती डसत नाही, टोचत नाही, विषही सोडत नाही. अंगाला खाज आणतात त्या केसाळ अळ्या, म्हणजे सुरवंट. हॉकमॉथच्या अळीच्या अंगावर तसे केस नसतात. मुलांना जवळून दाखवायला हरकत नाही, फक्त देठावरून ओढून काढू नका. तिचे पाय इतके घट्ट रुतलेले असतात की ओढताना इजा होते. हलवायचीच असेल तर देठासकट कापून दुसऱ्या झाडावर ठेवा.

झाड मरेल का? मूळ धरलेला अनंत मरत नाही. पानं खाल्ली गेली तरी काही आठवड्यांत नवी पालवी येते, आणि ती छाटणीनंतर येते तशीच जोमदार. लहान कुंडीतल्या नाजूक रोपावर चार-पाच अळ्या असतील तर मात्र रोपावर ताण येतो. यावर उपाय म्हणजे दोन अनंत ठेवायचे. एक आपल्या फुलांसाठी, एक त्यांच्या पानांसाठी; जास्तीच्या अळ्या दुसऱ्यावर हलवायच्या. अळी उपाशी राहील म्हणून दुसरंच कुठलं पान देऊ नका. ती ठरावीक झाडंच खाते, बाकीच्यांवर मरते.

अनंत, एक्झोरा, पेंटास, पापट, गेळा, कळंब, बारतोंडी ही सगळी कॉफीच्या कुळातली झाडं. दिवसा उडणाऱ्या आपल्या हॉकमॉथचा संसार मुख्यतः याच कुळावर चालतो. अनंत आणि पापट सेफोनोडीसच्या आवडीचे, तर बारतोंडीसारख्या झाडांवर मॅक्रोग्लॉसमच्या काही जातींच्या अळ्या वाढतात. तगर, कण्हेर आणि सदाफुलीवर डॅफ्निस नेरीची अळी येते. ती डिवचली की मान आत ओढते आणि पाठीवरचे दोन मोठे निळे डोळे वटारते. ते खरे डोळे नाहीत, पण चिमणी-बुलबुल दचकावेत इतपत खरे वाटतात. करवंदाच्या जाळीत नेफेले हेस्पेरा आणि तेरड्यावर थेरेट्रा या हॉकमॉथच्या अळ्या सापडतात. गावाकडच्या कुंपणात यातली निम्मी झाडं आधीच असतात.

हे सगळं आपल्याला माहीत आहे त्याचं बरंचसं श्रेय कारवारच्या एका वनाधिकाऱ्याला जातं. टी. आर. डी. बेल कारवार भागातल्या जंगलांत नोकरीला होते आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. त्यांनी वर्षानुवर्षं अळ्या घरी वाढवल्या, कुठली अळी कुठलं पान खाते ते टिपून ठेवलं. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला, आणि अभ्यासक आजही तो उघडतात. पश्चिम घाटातल्या परसात बसून, पानं मोडून आणून केलेलं हे काम आहे. आपल्यालाही त्याच पद्धतीने करता येतं.

अळीच्या अंगावर कधी पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसतात. ती तिची अंडी नाहीत. गांधीलमाशीच्या जातीतला एक छोटा परजीवी कीटक आत वाढून बाहेर पडलेला असतो. ती अळी वाचत नाही. वाईट वाटतं, पण हात घालू नका. अळ्यांची संख्या आटोक्यात राहते ती याच कीटकांमुळे आणि पक्ष्यांमुळे, आपल्या फवाऱ्यामुळे नव्हे.

फवारणीबद्दल स्पष्टच

फुलांसाठी लावलेल्या झाडावर रासायनिक कीटकनाशक मारायचं नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं तर झाडाच्या रसात मिसळतात आणि मधातही उतरतात. ‘मी फक्त पानांवर मारलं’ म्हणून सुटका होत नाही.

‘सेंद्रिय’ शब्दावरही विसंबू नका. बीटी नावाने मिळणारी जिवाणूंची पावडर सेंद्रिय शेतीत चालते, पण ती खास अळ्या मारण्यासाठीच बनवलेली आहे. कडुनिंबाचं तेलही कोवळ्या अळ्यांची वाढ रोखतं. पिठ्या ढेकूण झाला असेल तर साध्या साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने तेवढीच जागा पुसून घ्या. कष्ट जास्त आहेत, पण बाकी कुणाला धक्का लागत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर फवारणी झालेली असण्याची शक्यता मोठी. काही आठवडे ते वेगळं ठेवा आणि नवी पालवी येऊ द्या. रात्रभर जळणारे पांढरे दिवेही पतंगांना फुलांवरून भरकटवतात, तेव्हा गच्चीतला दिवा गरज नसताना बंद करा.

कोष

पानावर अंडं दिसण्यापासून पतंग होईपर्यंत पावसाळ्यात साधारण महिना-सव्वा महिना जातो. अंडं हिरवट, मोहरीपेक्षा लहान, एकेकटं. अळी दोन-तीन आठवडे खाते, मग एक दिवस खाणं सोडते, अंगाचा हिरवा रंग मळकट तांबूस होतो आणि ती झाडावरून उतरून चालू लागते. नवख्यांची अळी ‘हरवते’ ती इथे. तिला पालापाचोळ्याखाली किंवा भुसभुशीत मातीत शिरायचं असतं. बाल्कनीत तिला फरशी मिळते आणि ती पायाखाली येते.

म्हणून अनंताच्या कुंडीत मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर कायम ठेवा, आणि कुंडी रुंद ताटलीत किंवा जुन्या परातीत ठेवून तिच्यातही पाचोळा पसरा. या एका युक्तीने बरंच काम होतं. शिवाय अळी उतरल्यावर ती कुंडी उकरू नका, खुरपणी पुढे ढकला.

डोळ्यांसमोर पतंग निघताना बघायचा असेल तर चालू लागलेली अळी हवेशीर डब्यात ठेवा. तळाला चार बोटं ओलसर माती, वर पाचोळा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. आत एक खडबडीत काडी तिरकी टेकवून ठेवायला विसरू नका. बाहेर आलेल्या पतंगाला चढून लटकायला जागा मिळाली नाही तर पंख वाकडे सुकतात आणि तो कधीच उडत नाही. माती दोन-तीन दिवसांनी हलकी शिंपडा, चिखल नको. दोनेक आठवड्यांत पतंग निघतो, कधी जास्तही लागतात.

सेफोनोडीस असेल तर नवलाची एक गोष्ट दिसेल. कोषातून येतो तेव्हा त्याचे पंख पारदर्शक नसतात. त्यांवर करड्या खवल्यांचा थर असतो. पंख सुकल्यावर तो पहिल्यांदा थरथरतो तेव्हा ते खवले भुकटीसारखे झडतात, आणि खालची काच उघडी पडते. डब्याच्या कापडावर ती करडी धूळ राहते. ती दिसली की कापड काढा आणि डबा फुलांजवळ उघडा ठेवा. साखरपाणी पाजायच्या भानगडीत पडू नका, त्याला फुलं कळतात.

बाहेरगावी, परदेशी असाल तर

हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत आणि ब्रिटन-युरोपात दिसतो तो मॅक्रोग्लॉसम स्टेलाटेरम. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचं नामकरण केलं. राखाडी पुढचे पंख, नारिंगी मागचे. पंखांची उघडझाप सेकंदाला ७० ते ८० वेळा. दर उन्हाळ्यात तो दक्षिण युरोपातून उत्तरेकडे येतो. लॅव्हेंडर आणि बडलिया लावा. अमेरिकेत हेमारिस नावाचे पारदर्शक पंखांचे पतंग भेटतात, आणि तिथे खरा हमिंगबर्डही त्याच फुलांवर येतो, त्यामुळे मिशा बघायची सवय तिथे सर्वांत उपयोगी. हेमारिसचे कोष हिवाळा पाचोळ्यात काढतात. शरद ऋतूत अंगणातली सगळी पानं झाडून पिशव्यांत भरू नका, झुडपांखाली थोडी राहू द्या.

नोंद कशी ठेवायची

साधी वही पुरते. तारीख, वेळ, गाव, हवा कशी होती, कुठल्या फुलावर आला. अळी असेल तर झाडाचं नाव सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यावरून निम्मी ओळख पटते. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. जाणकार ओळख सुचवतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर ‘नॅशनल मॉथ वीक’ होतो. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात आपल्याकडचे पुष्कळ हौशी निरीक्षक भाग घेतात, आणि शिकायला तो चांगला मुहूर्त आहे. नोंद टाकताना अळी आणि तिच्यातून निघालेला पतंग या दोन्हींचे फोटो असतील तर एकाच नोंदीत जोडून द्या, आणि पान खाल्लेल्या झाडाच्या फुलाचा किंवा फांदीचाही एक फोटो त्यासोबत ठेवा.